बोललं की झालं

चिमणीनं हात धुतले, अगदी मन लावून धुतले; फक्त नळ सोडला नाही.

झालं ते एवढंच. चिमणीला शिकवणारी ती, मुलीला नववा महिना लागला म्हणून तिला तपासणीला घेऊन आली होती. प्रसूतिविभागाच्या कडेच्या अरुंद खोलीत मुलगी उंच पलंगावर पडून फोन चाळत होती, आणि ती स्टुलावर, मुलीची पर्स मांडीवर घेऊन, एखाद्या आईसारखी बसली होती. आईच होती म्हणा. पण या इमारतीत आई म्हणून बसायची तिला सवय नव्हती. इथं ती मॅडम होती. वरच्या मजल्यावरच्या नर्सिंगच्या शाळेत तिनं निम्मं आयुष्य बाळंतपण शिकवण्यात घालवलं होतं, आणि खालच्या मजल्यावर पांढऱ्या बुटांत लगबगीनं फिरणाऱ्या बहुतेक मुली तिच्या हाताखालून गेलेल्या होत्या. चिमणीही. बारीक अंग, बारीक आवाज, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आता ती इथली सिस्टर होती, नव्या मुलींवर डाफरायची, पण मॅडम दिसल्याबरोबर पुन्हा चिमणी झाली. "अय्या, मॅडम! ही तुमची का? डोळे अगदी तुमचेच की हो," असं म्हणत ती बेसिनपाशी गेली. तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठे, नखं, मनगटं. काही गाळलं नाही, कुठे घाई केली नाही. मग हात झटकले, कागदानं पुसले आणि वळून, शिकवलं होतं तसंच, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात धुतले." नळातून थेंब पडला नव्हता. बेसिन खडखडीत कोरडं होतं. मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, काय शिस्त लावलीयस गं तू यांना!" चिमणी लाजली. आणि ते कोरडे, नीटनेटके पुसलेले हात मुलीच्या पोटावर टेकले.

ती स्टुलावरून त्या कोरड्या बेसिनकडे बघत राहिली.  ते तिच्या ओळखीचं होतं. वरच्या मजल्यावर तिच्या सरावाच्या खोलीत भिंतीला तसंच एक बेसिन होतं. खोली उभी राहिली तेव्हा त्या बाजूला पाण्याचा पाइप यायचा होता, तो आज येतो उद्या येतो करत यायचा राहून गेला. मग मुली कोरड्या बेसिनवर हात चोळायच्या आणि सांगायच्या, हात धुतले. बॅचमागून बॅच. त्या खोलीत रबराची एक बाई होती, खऱ्या बाईएवढी, पोट असलेली. तिची नाडी उडायची, छाती वरखाली व्हायची, तिला बाळ व्हायचं आणि मग कळ दाबली की अंगाखालच्या पिशवीतून लाल पाणी वाहायला लागायचं. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं वहिनी. "वहिनींना कधी बघावं तेव्हा दिवस गेलेलेच," असं म्हणून त्या एकमेकींना कोपरानं ढोसत हसायच्या, आणि तीही हसायची, कारण हसल्यावर त्यांचे हात कापायचे थांबायचे. ती स्वतः काचेच्या मागे बसायची. तिच्यासमोर कळा आणि एक मायक्रोफोन. वहिनींचा आवाज तिचाच. "सिस्टर, मला कसंतरी होतंय," असं ती मायक्रोफोनमध्ये हळूच म्हणायची, आणि काचेपलीकडे मुलींची तोंडं पांढरी पडायची. मग एखादी ओरडायची, "इंजेक्शन देते!" आणि लगेच, "दिलं!" हातात काही नसायचं. रोज कुठून आणायची खरी इंजेक्शनं फोडायला? दिलं म्हटलं की दिलं. ती कळ फिरवायची. लाल पाणी थांबायचं.

चिमणी तेव्हा बोलायचीच नाही. हात सुरेख चालायचे तिचे, पण तोंडातून शब्द नाही. आणि शब्द नाही म्हणजे बाकीच्यांना कळणार कसं, काय केलं नि काय राहिलं? तिनं चिमणीला सगळ्यांदेखत उभं केलं होतं. "बोल. मोठ्यानं बोल. या खोलीत तू जे बोललीस ते झालं. जे बोलली नाहीस ते झालंच नाही." चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलायला शिकली. इतकी, की पुढे तिची बॅच तिला पाहून म्हणायची, चिमणीचा पोपट केला मॅडमनी. केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं! आता रिक्षात मुलीच्या शेजारी बसून घरी जाताना तिला ते वाक्य आठवलं, आणि आपणच कधीतरी दिलेलं घर कुणीतरी आतून कडी लावून बळकावलं असावं, तसं वाटलं. मुलीनं तिचा हात धरला. "गार पडलीस की गं. भीती मला वाटायला हवी का तुला?" ती म्हणाली, "एसीत बसलो होतो ना." मुलगी म्हणाली, "तिथं एसी नव्हता, आई."

घरी नवरा खिडकीशी बसून घड्याळ उघडून साफ करत होता. निवृत्तीनंतर घरातलं एकही घड्याळ त्यानं सुखानं चालू दिलं नव्हतं. तिनं मुलगी आत पडल्यावर हळूच विषय काढला. दवाखाना बदलायचा का? तो चष्म्यावरून बघत राहिला. "म्हणजे? तुझ्याच मुली आहेत तिथं सगळ्या." म्हणूनच, असं तिच्या ओठांवर आलं. ती म्हणाली, "दुसरीकडे जरा मोठं आहे." "दुसरीकडे कोण आहेत? त्याही तुझ्याच. या गावात तुझ्या हाताखालून न गेलेली सिस्टर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल." मग हसून, "स्वतःच्या हातचं जेवायला घाबरणारी बाई बघितली नव्हती मी." तो चेष्टाच करत होता. पण ते खरंच होतं. कुठंही नेलं तरी पलंगाशी तिचाच आवाज उभा असणार होता, दिलं, केलं, बघितलं, धुतलं. जावई परगावी कामावर. तो यायचा होता त्याला अवकाश होता. तो असता तरी त्याला काय सांगणार?

पहाटेचा तिचा नेम होता. उठून अंघोळ, मग देवापुढे बसून नामस्मरण, ते होईपर्यंत कुणाशी शब्द बोलायचा नाही. लग्नाआधीपासूनचा नेम, आजारपणात मोडला नव्हता, मुलगी झाली तेव्हाही पडल्यापडल्या चालू होता. त्या पहाटे ती बसली आणि काही वेळानं तिच्या लक्षात आलं की ओठ चालतायत, नाम अगदी स्वच्छ उमटतंय आणि आपण मात्र इथं नाहीच. आपण त्या बेसिनशी आहोत. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग मनात आलं ते असं की हे आजचं असेल कशावरून? इतकी वर्षं काय होत होतं? म्हटलं, म्हणून झालं, असंच ना? नेम केला. हात धुतले. तिला देवाची भीती कधी वाटली नव्हती, त्या पहाटे वाटली. तो रागावेल म्हणून नव्हे, तो काचेमागे गप्प बसून ऐकत असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात पाण्यानं भरलेली काचेची इंजेक्शनं आणली. सराव नेहमीचाच ठेवला. वहिनींना बाळ झालं, तिनं कळ दाबली, लाल पाणी सुटलं. पुढची मुलगी ओरडली, "इंजेक्शन दिलं!" ती काचेमागून उठून बाहेर आली. "कुठे दिलंस?" मुलगी गोंधळली. "मांडीत, मॅडम." "ट्रेमध्ये आहे. फोड आणि दे." मुलीनं काचेची मान धरली, अंगठा लावला, ती काही तुटेना. दुसरीनं घेतली, तिच्या हातात चुरा झाली, बोट कापलं. लाल पाणी वाहतच होतं. कुणीतरी भीत भीत म्हणालं, "मॅडम, तुम्ही ते बंद नाही का करणार?" तिनं बंद केलं नाही. मुली नुसत्या बघत उभ्या राहिल्या. कुणी चुकलं होतं म्हणून नव्हे, पुढे काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. हे तिनं कधी दाखवलंच नव्हतं. एखादी रडकुंडीला आली की ती कळ फिरवून टाकायची. वहिनी तिच्या खोलीत एकदाही दगावली नव्हती. तेवढी माया आपल्यात आहे, असं ती समजत आली होती. पिशवी रिकामी झाली आणि वाहणं आपोआप थांबलं, तेव्हा मुलींनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो ऐकून तिच्या पाठीवर काटा आला. संपलं म्हणून थांबलं, एवढंही त्यांना कळलं नव्हतं.

तिला मात्र माहीत होतं. खूप मागे, ती स्वतः वॉर्डात असताना, एक शिवणकाम करणारी बाई होती, बोटांवर सुयांचे टोचे असलेली, बाळ झाल्यावर सगळ्यांना तोंडभर हसून दाखवणारी. मग चादर ओली व्हायला लागली. त्याला आवाज नसतो, ही पहिली गोष्ट. आणि ते कोमट असतं. तिनं त्या बाईच्या पोटावर हात दाबून धरला होता, आत गर्भाशय मळलेल्या कणकेसारखं मऊ, कुठेच न सापडणारं, आणि ते घट्ट व्हायला हवं, मुठीसारखं घट्ट, तरच रक्त थांबतं, म्हणून ती चोळत राहिली. ती बाई वाचली. पण त्यानंतर तिला वॉर्डात पाय टाकवेना, आणि शिकवायची जागा निघाली तेव्हा तिनं सगळ्यांना सांगितलं की मला शिकवायची आवड आहे. होतीही. पुढे रबराची वहिनी आली तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. हिच्या पोटात कडक गोळा बसवलेला होता, कळ फिरवली की तो वर यायचा आणि ती मायक्रोफोन बाजूला ठेवून स्वतःच्या आवाजात सांगायची, "घट्ट झालं. सोडा." मुली हात काढायच्या. तास संपायचा.

शेवटी तिनं धीर केला. दुपारच्या पाळीला खाली गेली, औषधांच्या कपाटापाशी चिमणी एकटी होती. "काय मॅडम, लेकीची काळजी? आम्ही आहोत ना!" ती म्हणाली, "एक विचारू? परवा तपासणीच्या आधी तू हात धुतलेस का गं?" चिमणी हसायलाच लागली. "म्हणजे काय! तुमच्यासमोर तर धुतले, मॅडम. मोठ्यानं बोललेसुद्धा." "नळ सोडला होतास?" आता चिमणीचं हसू जरा थांबलं. तिनं खरंच आठवून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं ते खोटं नव्हतं, हीच तर भीती होती. "सोडला होता की," चिमणी म्हणाली. "गार होतं पाणी. मला आठवतंय ना." मग काळजीनं जवळ येऊन, "मॅडम, तुम्ही झोपताय का नीट?" तिनं मान हलवली आणि लिफ्टपाशी आली. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं. जिला पाण्याचा गारवाही आठवतो, तिला कसं पकडायचं? आणि लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघताना तिला वाटलं, मी तरी नळ नीट बघितला होता का? पाणी नव्हतं, असं मी मनात म्हटलं म्हणून ते नव्हतं, असं तर नाही?

मुलीला कळा सुरू झाल्या त्या दुपारची जेवणं आटोपत असताना. फार वेळ लागला नाही, पहिलटकरणीला इतकं लवकर होत नाही, असं ती रिक्षात सारखं म्हणत होती आणि मुलगी दात आवळून म्हणाली, "आई, मला शिकवू नको आत्ता." बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एकजण चालत होतं. नवऱ्यानं दारातूनच हात वर केले. "तू जा. मला ते रक्तबिक्त… मी इथं बसतो." आत चिमणी होती. चिमणीच असणार होती. सोबतची दुसरी सिस्टर शेजारच्या खोलीत अडकली होती, डॉक्टरीणबाई तिथंच. दुपारचं ऊन खिडकीच्या दुधी काचेतून येत होतं, सगळं इतकं उजेडी, इतकं साधं होतं, की भ्यायला जागा सापडू नये. चिमणी गोड बोलत होती, चांगलं करत होती. "आता ढकल, बाई. शाब्बास! आजीबाईंना नातवंड दाखवायचंय ना?" बाळ आलं, निळंसर, मग एकदम लाल होऊन रडलं. मुलगी रडली. तिला स्वतःला रडू आलं नाही, कारण ती चिमणीच्या हातांकडे बघत होती आणि बाळाकडे बघण्याच्या नादात नेमका तो क्षण तिच्या हातून निसटला. "इंजेक्शन दिलं!" चिमणीचा आवाज खोलीभर घुमला.

दिलं? तिनं बघितलं नव्हतं. तिनं मुलीच्या मांडीकडे पाहिलं. घाम, लाली, टोचल्याची खूण दिसेना. आणि तेवढ्यात पलंगाच्या कडेला चादर गडद होत चालली. आवाज नव्हता. "आई," मुलगी म्हणाली, "मला कसंतरी होतंय." तोच शब्द, तोच हळू सूर, जणू कुणीतरी काचेमागून तिच्या लेकीच्या तोंडानं बोलत होतं. कळ फिरवायला तिचा हात हवेत उठला आणि तिथं कळ नव्हती. "दाखव!" ती ओरडली. चिमणी दचकली. "काय, मॅडम?" "फोडलेलं इंजेक्शन दाखव मला!" चिमणीनं न बोलता ट्रे पुढे केला. त्यात मान मोडलेली काचेची कुपी होती, रिकामी, आणि शेजारी सिरिंज. दिलं होतं. खरंच दिलं होतं. आणि तरी थांबत नव्हतं. तिच्या आत जे होतं नव्हतं ते तिथं कोसळलं, कारण इतके दिवस ती एवढंच मागत होती की दिलेलं असू दे. त्यापुढे काही असतं, हे तीही विसरून गेली होती.

"मॅडम, पोट धरा!" चिमणी म्हणाली. आता तिचा आवाज बारीक होता, अगदी पूर्वीसारखा. तिनं दारातून डॉक्टरीणबाईंना हाक मारली, भिंतीवरचं बटण दाबलं आणि सलाईनची नळी मोकळी करायला वळली. "चोळा. जोरानं. मी दुसरी सुई लावते." तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. कातडी गरम होती, ओली, घामेजलेली. आत मऊ. ती चोळू लागली, गोल, खोल, आणि हात आपोआप त्या जागी गेले जिथं वहिनीच्या पोटातला गोळा यायचा. ती चोळत होती आणि मनात नाम घेत होती, की नुसतीच ओठ हलवत होती, तिला कळत नव्हतं. मुलीचे ओठ पांढरे पडले होते. बाळ कुठेतरी रडत होतं. आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, खणखणीत, तास संपवणारा: "घट्ट झालं. सोडा."

तिनं हात उचललासुद्धा.

चिमणीचा हात तिच्या हातावर येऊन आदळला आणि तो खाली, खोल, दाबून बसला. "नाही, मॅडम," चिमणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागावलेली होती. "अजून नाही झालेलं. तुमच्या हाताला लागतंय का बघा. बोलू नका. बघा."

तिनं तोंड मिटलं. चिमणीच्या तळव्याखाली आपला तळवा, आपल्या तळव्याखाली लेकीचं पोट. आणि आत ते मऊ, पसरलेलं, कुठेच न सापडणारं. ती चोळत राहिली. खांदा भरून आला. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचे बूट दिसले, आवाज आले, आणखी औषध आलं, कुणीतरी तिच्या पाठीमागून वाकून बघितलं. तिनं मान वर केली नाही. कधीतरी हाताखाली काहीतरी हललं. गोळा झाला, बोटांना लागला आणि तिला वाटलं, आलं. आणि वाटल्याबरोबर ती घाबरली, कारण वाटणं नि बोलणं यांत फारसं अंतर उरलं नव्हतं. ती चोळत राहिली. ते पुन्हा सैल झालं. मग पुन्हा जमून आलं, या वेळी जास्त घट्ट.

"थांबलंय आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान. मॅडम, सोडा तुम्ही."

ते शब्द तिच्या कानावरून गेले. मुलीनं डोळे उघडले, अगदी बारीक. "आई, दुखतंय गं. काढ ना हात."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि हात तसाच दाबून ठेवून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.